गळ्याखालचं दुसरं बटण

झाड आटत नाही. विहीर आटते, दूध आटतं, माणूसही आटतो. जिवंत झाडाचं खोड मात्र एक तर जाड होतं, नाही तर आहे तिथंच थांबतं. जंगलखात्यात पहिल्याच दिवशी हे शिकवतात. मला ते घरीच कळलं होतं, कारण माझे बाबा त्या खात्यात छत्तीस वर्षं मोजणीदार होते. म्हणून त्या सोमवारी सतरा नंबरचं झाड गेल्या वर्षीपेक्षा चार सेंटीमीटरनं बारीक निघालं, तेव्हा बाबांनी झाडाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"टेप करकचून आवळतेस. झाड आहे ते, गाठोडं नाही."

"सैलच धरलीय, बाबा."

"मग आकडा नीट वाच. चष्मा लाव."

"चष्मा तुम्हाला आहे. मला नाही."

"जीभ मात्र आहे. चल, अठरा घे."

अठरा नंबरचं झाड तीननं कमी निघालं. एकोणिसावं पाचनं. विसावं पुन्हा चारनं.

दोन वर्षं मी बाबांच्या हाताखाली होते. ते टेप लावायचे, मी वहीत लिहायचे. या वर्षीची शेवटची तीसच झाडं उरली असताना त्या आठवड्यात त्यांची कंबर धरली होती, डॉक्टरांनी हात वर करायला बंदी केली होती, म्हणून कामं उलटली. ते वही मांडीवर घेऊन दगडावर बसले आणि टेप माझ्या हातात आली.

आमचं काम ऐकायला सोपं आहे. जंगलभर विखुरलेली चारशे बारा झाडं ठरलेली आहेत. दर वर्षी त्यांचा घेर मोजायचा, जमिनीपासून साडेचार फुटांवर. उतार असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून. ती झाडं वर्षात जितकी जाड झाली त्यावरून अख्खं जंगल किती वाढलं याचा अंदाज बांधतात, आणि जितकं वाढलं तितकंच तोडायची परवानगी देतात. वाढलं नाही तर तोडायचं नाही. नियम शहाण्या माणसानं केलेला आहे. पण नियम कितीही शहाणा असला तरी तो टेपेच्या टोकावर उभा असतो, आणि टेप माणसाच्या हातात असते.

साडेचार फुटांची खूण पूर्वी खिळा ठोकून करायचे. लाकूड कापणाऱ्यांच्या करवती त्या खिळ्यांवर तुटायला लागल्या तेव्हा त्यांनी ओरड केली आणि खिळे बंद झाले. मग रंगाचा पट्टा आला. आमच्या झाडांची साल दर वर्षी सुटते, रंग सालीबरोबर खाली. शेवटी खात्यानं प्रत्येक मोजणीदाराला साडेचार फुटांची एक काठी दिली. बाबांनी ती पहिल्याच वर्षी कोपऱ्यात टाकली. बाबा उंच. गळ्याखालचं दुसरं बटण बरोबर साडेचार फुटांवर यायचं, एक दोरासुद्धा इकडे तिकडे नाही. झाडाला छाती लावायची, बटणाच्या रेषेत टेप फिरवायची, काम फत्ते.

"काठी वाकते, हरवते, घरी विसरते," ते सगळ्यांना सांगायचे. "छाती कुणी घरी विसरून येतं का?"

कचेरीत त्यांना फूटपट्टी म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. नव्या भरतीसाठी खात्यानं या वर्षी एक पुस्तिका छापली होती. तिच्या नवव्या पानावर बाबांचा फोटो होता, झाडाला बिलगलेला. वर्षाअखेरीस निवृत्त झाले की प्रशिक्षण शाळेत शिकवायला जायचं, असंही ठरलं होतं. आमच्या घरात त्या शाळेचा विषय दिवसातून दोनदा निघायचा. एकदा बाबा काढायचे, एकदा आई, ते विसरले की काय म्हणून.

माझी छाती काही साडेचार फुटांवर येत नाही. म्हणून मी ती जुनी काठी पुसून घेऊन गेले होते.

तीस झाडं झाली. तीसच्या तीस बारीक. बाबांचा संयम सुटला. "दे इकडे. डॉक्टर गेला खड्ड्यात." ते कण्हत उठले, सतरा नंबरपर्यंत परत गेले, छाती लावली, टेप फिरवली. "वाच."

"एकशे एकोणनव्वद."

"गेल्या वर्षी?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे एकनं वाढलंय. तू एकशे चौऱ्याऐंशी लिहायला लावत होतीस. हाताला वळण हवं, नुसती शाळा शिकून होत नाही." त्यांना इतकं बरं वाटलं की कंबरही क्षणभर विसरली. मी काठी त्यांच्या शेजारी जमिनीवर उभी केली होती, सहज, हात मोकळे करायला. काठीचं टोक त्यांच्या दुसऱ्या बटणापाशी नव्हतं. टोक त्यांच्या गळ्यापाशी होतं आणि बटण चांगलं पाच इंच खाली.

मी काठी उचलून पुन्हा टेकवली, टोक गळ्यापाशीच. माझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प बसली म्हणजे काय झालं असेल ते समजा.

झाडाचं खोड बुंध्याकडे फाकतं. पाच इंच खाली टेप लावली तर घेर जास्तच भरणार, जुन्या झाडाचा तर चांगला चार-पाच सेंटीमीटरनं. बाबा एका दिवसात खाली आले नव्हते. दर वर्षी थोडे थोडे आले असणार. ते थोडं थोडं आम्ही वहीत झाडाची वाढ म्हणून लिहीत होतो.

आणि वही कचेरीत थांबत नाही. आमचा आकडा वरच्या कचेरीत जातो, तिथून राजधानीत, तिथून जगातल्या सगळ्या जंगलांच्या एका मोठ्या तक्त्यात. झाड जाड होतं ते हवेतला धूर गिळून. गाड्यांचा, भट्ट्यांचा, आपल्या सगळ्यांच्या चुलींचा धूर. कोणतं जंगल वर्षाला किती धूर गिळतं हे त्या तक्त्यावरून ठरतं, आणि पृथ्वी अजून किती तापेल हे त्यावरून सांगतात. एवढ्या मोठ्या तापाच्या थर्मामीटरला एका बाजूनं माझ्या बापाच्या शर्टाचं बटण लावलेलं होतं. आमचा डोंगर अमुक इतका धूर गिळतो, असं आम्ही जगाला सांगत होतो. तो गिळत नव्हता. वर त्या न झालेल्या वाढीच्या हिशेबानं आम्ही त्यालाच तोडत होतो.

खरं सांगायचं तर मला दिसत होतं. वरच्या उतारावरच्या जुन्या झाडांचे शेंडे दोन वर्षांपासून उघडे पडले होते. तिथला ओढा उन्हाळ्यातही गुडघाभर असायचा, तो आता उन्हाळ्याच्या तोंडालाच खडकांत गडप व्हायचा. झाडाखालची माती पावलाखाली दबायची, ओल्या स्पंजासारखी. आता टाच ठणकते. जंगल नाही तिथं पाणी पडतं आणि निघून जातं. जंगल असलं की पाणी राहतं, मुरतं, महिनोन् महिने हळूहळू खाली येतं. खालच्या अख्ख्या गावाच्या नळांना येणारं पाणी ते हेच. हे कळायला पदवी लागत नाही, टाच लागते. पण कचेरीत टाचेला रकाना नाही. आकडा म्हणतो वाढलं, तर वाढलं. मीही तोच आकडा लिहिला, दोन वर्षं, माझ्या हातानं.

संध्याकाळी आई पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. आई कपडे शिवते. बाबांचे सगळे शर्ट तिच्याच हातचे.

"आई, बाबांच्या मापांचं पान दाखव."

"का ग? शाळेत शिकवायला जाणार म्हणून शिवतेच आहे नवा. तुला कसली घाई?"

"दाखव तर."

तिनं मापांची वही दिली, पण हात वहीवरून काढला नाही. मी पान उलटलं. बाबांचं माप दर वर्षाचं, तारखेसकट. पुढची लांबी एकतीस. एकतीस. पावणेएकतीस. तीस. असं उतरत उतरत गेल्या वर्षी साडेअठ्ठावीस. मागची लांबी मात्र चढत गेलेली. बारा वर्षं.

"हे काय आहे?"

"पोक," आई म्हणाली. मशीन तिनं थांबवलं नाही. "पाठीला पोक यायला लागलं की शर्ट पुढून लोंबतो आणि मागून वर चढतो. मग पुढून कमी करायचं, मागून सोडायचं, बटणं खाली घ्यायची. दर्जीण आहे मी. माझ्याच नवऱ्याला लोंबता शर्ट घालून पाठवू? लोक काय म्हणतील, दिव्याखाली अंधार?"

"बाबांना सांगितलंस?"

"काय सांगू? तुम्ही म्हातारे झालात? शर्ट चापून बसला की माणसाला वाटतं आपण आहोत तसेच आहोत. तेवढंच सुख."

"बटणं खाली घेतलीस, आई. दुसरं बटणसुद्धा."

तेव्हा मशीन थांबलं. मोजणीदाराची बायको होती ती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं तोंडावर हात ठेवला आणि माझ्या मागे पाहिलं. बाबा दारात उभे होते. हातात चहाचा कप होता, आणि किती वेळ उभे होते कोण जाणे.

"काठी आण," ते मला म्हणाले.

भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले. पाठ भिंतीला लागेना. मधे हात जाईल एवढी फट राहिली. त्यांनी ताठ व्हायचा प्रयत्न केला, तोंड वाकडं झालं, मग सोडून दिलं. मी जमिनीपासून दुसऱ्या बटणापर्यंत मोजलं.

"चार फूट एक इंच."

"पुन्हा मोज."

"चार फूट एक."

बाबा खुर्चीवर बसले. चहा त्यांनी कडेला ठेवला, अगदी जपून, जणू कपात काही उकळतं होतं. "बारा वर्षं," ते आईला म्हणाले. "बारा वर्षं तू मला फसवलंस."

"मी पाठ झाकली. झाडं मोजा असं मी नव्हतं सांगितलं."

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून छाती काढून चालला असतात आणि उरलीसुरली पाठही मोडून घेतली असतीत. तुम्हाला ओळखत नाही का मी?"

एरवी ते यावर हसले असते. आता त्यांनी आईची वही मागितली आणि बोट ठेवून एकेक साल वाचलं. मग आमची वही काढायला लावली. सतरा नंबरच्या झाडाचे बारा वर्षांचे आकडे एका कागदावर, आईचे आकडे शेजारी. खाली गेलेले पाच इंच आईच्या मापांच्या प्रमाणात वर्षांवर वाटले. पहिली चार वर्षं झाड खरंच वाढलं होतं, तेही रडतखडत. नंतरच्या आठ वर्षांत फक्त बाबा खाली आले होते. झाड तिथंच उभं होतं.

"या आठ वर्षांत आपण किती तोडलं?" त्यांनी विचारलं.

"पूर्वेचा सगळा उतार. आणि ओढ्याच्या वरचं अर्धं."

"आणि या वर्षी?"

"वरचा उतार. वहीवर तुमची सही झाली की."

ते मघाच्या कागदाची घडी घालत राहिले. शेवटी आई म्हणाली, "निवृत्तीला चार महिने राहिलेत. मी आपलं सांगितलं." यावर बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तर तिनंच मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं. नाही सांगितलं समजा."

आमच्या कचेरीच्या मुख्य एक मॅडम आहेत. वयानं माझ्याएवढ्या. मोजणी त्यांना बाबांनीच शिकवली, म्हणून त्या त्यांना काका म्हणतात. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. मग दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि बटणाच्या रेषेत मला पेन्सिलीनं खूण करायला लावली. मॅडमनी उठून स्वतः काठी लावून पाहिली. खूण आणि काठीचं टोक यांच्यामधे त्यांची सात बोटं मावत होती.

"काका, एवढ्याशा इंचांनी काय होतंय?"

"डोंगर जातो, मॅडम."

"दर मोजणीत थोडी चूक असतेच."

"चूक असते तेव्हा कधी इकडे असते, कधी तिकडे. ही बारा वर्षं एकाच बाजूला चाललीय. करवतीच्या बाजूला."

मॅडम बसल्या. वाईट बाई नाहीत त्या. पण वाईट माणसांनी जितकी जंगलं बुडवली नसतील तितकी 'आता जाऊ द्या ना' म्हणणाऱ्या चांगल्या माणसांनी बुडवली आहेत, हे मी त्यांच्या तोंडावर सांगू शकते आणि नंतर सांगितलंही.

"वरच्या उताराच्या तोडीला मी हो म्हणून बसलेय," त्या म्हणाल्या. "तोंडीच, पण म्हटलंय. तोडणीची मशिनं घाटात येऊन उभी आहेत."

"तोंडी दिलंय ते तोंडीच परत घ्या."

"आणि मागच्या परवानग्या? बारा वर्षं चुकीची परवानगी दिली असं निघालं तर चौकशी लागेल, काका. तुमच्या निवृत्तीच्या कागदांवर शेरा येईल. ती पुस्तिका सगळ्या कचेऱ्यांत गेलीय. कितीतरी पोरं तुमचं बघून छाती लावून मोजत असतील."

हे मात्र बाबांच्या ध्यानात आलं नव्हतं. "मग तर ती पुस्तिका आजच्या आज परत मागवा," ते म्हणाले. "त्यांची बटणं कुठं येतात देव जाणे."

मॅडमनी वही त्यांच्यापुढे सरकवली, हळूच. "या वर्षीची सही करा. पुढच्या वर्षापासून काठी सक्तीची करू. मी लेखी हुकूम काढते. शाळेचंही मी बघते. कुणाला काही कळायचं कारण नाही."

मी बाबांकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत त्यांनी न सही केलेली एकही वही नव्हती. त्यांनी पेन उघडलं, वहीकडे पाहिलं आणि पेन परत बंद केलं.

"मोजणीदाराच्या सहीशिवाय वही पुढे जात नाही. हा नियम तुम्हाला मीच शिकवला होता."

"मग मला दुसऱ्या मोजणीदाराची सही घ्यावी लागेल."

"दुसरा कोण आहे?"

खोलीत दुसरी फक्त मी होते. मॅडम माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम मऊ. "तुझं मोजणीदार म्हणून नाव मी पाठवलंच आहे. काका गेल्यावर जागा तुझीच."

"पाठवलंय ना? मग मी मोजणीदार झाले," मी म्हणाले. "मला तीन आठवडे द्या. चारशे बारा झाडं, काठी लावून. जो आकडा येईल त्याच्यावर सही. नाही तर जागा द्या दुसऱ्या कुणाला आणि त्याला आधी शिवून द्या एक चापून बसणारा शर्ट."

"ही अशी बोलते," बाबा मॅडमना म्हणाले, माफी मागितल्यासारखं. पण गप्प बस असं काही म्हणाले नाहीत.

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीतून वरचा उतार दिसतो. मग त्यांनी कागद ओढला आणि फेरमोजणीचा हुकूम लिहिला. एक वाक्य लिहायला त्यांनी तीनदा पेन उचललं. चौकशी त्यांच्यावरही येणार होती, त्यांना ते माहीत होतं. तेवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

शाळेचं पत्र चौथ्या दिवशी आलं. दोन ओळींचं. जागा तूर्त भरायची नाही. आईनं ते मशीनच्या खणात ठेवून दिलं आणि विषय काढला नाही.

तीन आठवडे आम्ही रोज जंगलात गेलो. मी काठी लावायचे, टेप फिरवायचे. बाबा वही घेऊन बसायचे. नियम असा की चुकलेला आकडा खोडून काळा करायचा नाही. त्याच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी खरा लिहून सही करायची. या वर्षीची मोजणी तर नवीच होती. पण मागच्या बारा वर्षांच्या वह्याही त्यांनी पिशवीत घालून आणल्या होत्या, आणि आईच्या वहीवरून काढलेले आकडे ते झाडासमोर बसूनच दुरुस्त करायचे. घरी बसून करा म्हटलं तर म्हणाले, "ज्याच्याबद्दल खोटं लिहिलं त्याच्यासमोर रेघ मारायला काय हरकत आहे?" पहिल्या दिवशी रेघा वाकड्या यायच्या. दुसऱ्या आठवड्यात रेघा सरळ झाल्या. नंतर ते नुसतंच काम उरलं. ते मधेच पानांतून वर बघून म्हणायचे, "हे मात्र खरंच वाढलंय हं," आणि त्या झाडापाशी जरा जास्त वेळ बसायचे.

तशी वाढलेली झाडं थोडीच निघाली, बहुतेक खोल घळीतली, जिथं ओल टिकून आहे. वरच्या उतारावरची एकशे वीस झाडं मोजली, त्यांतली शंभर झाडं गेली आठ वर्षं थांबलेली. तोडलेला पूर्वेचा उतार आता कोणत्याही वहीनं उभा राहणार नाही. तिकडून परतायचा जवळचा रस्ता सोडून आम्ही रोज लांबच्या वाटेनं यायला लागलो.

शेवटच्या दिवशी वरच्या उतारावर होतो. घाटातून मशीनचा ड्रायव्हर चालत वर आला. बिचारा तीन आठवडे गाडीतच झोपत होता, दाढी वाढली होती. त्यानं बाबांना साहेब समजून हात जोडले.

"साहेब, आम्हाला कुणी काही सांगत नाही. अजून किती थांबायचं?"

"झाडं जाड होईपर्यंत."

"म्हणजे किती दिवस?"

बाबांनी त्याला सावलीत जागा करून दिली, पाण्याची बाटली पुढे केली. मी एका जुन्या झाडाला काठी लावून उभी होते. "बस जरा," ते म्हणाले. "मोजून सांगतो."